लॅब्रॅडॉर मादीची नसबंदी: आत्ता करावी, थांबावं की करूच नये?

तिसरा_मजला | १८ ऑक्टोबर, रात्री ९.४०

लॅब्रॅडॉर मादी, जन्म गेल्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातला, म्हणजे साडेअकरा महिन्यांची. वजन २७ किलो. पुण्यात फ्लॅटमध्ये राहते. पहिली हीट (माज) ४ सप्टेंबरला सुरू झाली (रक्त दिसलं तो दिवस), २५ तारखेपर्यंत सगळं थांबलं. लसी आणि जंताचं औषध वेळेवर आहे. जुलैत गोचीड ताप येऊन गेला, डॉक्सीचा (डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचा) कोर्स दिला, त्यानंतर रक्त तपासलेलं नाही.

नसबंदीबद्दल तीन तोंडांनी तीन मतं मिळाली. जवळचे व्हेट म्हणतात, पुढच्या आठवड्यात आणा, करून टाकू. दुसरे म्हणतात, दोन वर्षांची होऊ द्या. ज्यांच्याकडून पिल्लू आणलं ते म्हणतात, एक वेत होऊ द्या, त्याशिवाय मादी शांत होत नाही. पिल्लं काढायची आमची अजिबात इच्छा नाही.

१. करावी का, आणि कधी?
२. कुशीतून, पोटावरून की दुर्बिणीने?
३. आधी कोणत्या तपासण्या आग्रहाने मागाव्यात?

अजून एक. गेले चार दिवस ती मऊ खेळणी तोंडात धरून पलंगाखाली नेऊन ठेवते, जेवण अर्धवट टाकते, आणि आचळं जरा फुगल्यासारखी वाटतात. याचा ऑपरेशनशी संबंध नसावा, पण सांगून ठेवते.

---

टाकेवाला | १८ ऑक्टोबर, रात्री ११.०५

संबंध आहे, आणि तुमच्या "कधी"चं निम्मं उत्तर त्यातच आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन नको.

हीट संपल्यावर कुत्रीच्या अंगात प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गाभ टिकवणारं संप्रेरक, साधारण दोन महिने चढं राहतं, गाभ राहो वा न राहो. ते उतरायला लागलं की प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध उतरवणारं संप्रेरक, वर जातं, आणि काही माद्यांना पिल्लं झाल्यासारखंच वाटायला लागतं. जागा उकरणं, खेळणी गोळा करणं, अन्न नको होणं, आचळात दूध उतरणं, कुणी पलंगाजवळ गेलं की गुरगुरणं. ही खोटी गाभ. हीट सुरू झाल्यावर साधारण सहा आठवड्यांपासून पुढे हा तिचा नेहमीचा काळ, आणि तुम्ही बरोब्बर त्यातच आहात.

अशा वेळी अंडाशयं काढली तर प्रोजेस्टेरॉन एका दिवसात खाली येतं आणि प्रोलॅक्टिन अजूनच उसळतं. मग दूध आणि चिडचिड आठवडे न् आठवडे, कधी महिनोन् महिने, रेंगाळते. नंतर लोक म्हणतात, "ऑपरेशनमुळे कुत्रीचा स्वभाव बिघडला." बिघडवलेला असतो तारखेने.

पण खोटी म्हणण्याआधी खरी नाही ना, ते बघा. हीटच्या ९व्या ते १५व्या दिवसांच्या आसपास ती पट्ट्याशिवाय एकटी कुठे होती का? रक्ताचा रंग उतरून फिकट गुलाबी, पेंढ्याच्या रंगाचा स्राव व्हायला लागतो आणि मादी शेपूट बाजूला धरते, तेच दिवस धोक्याचे. बरेच मालक रक्त कमी झालं म्हणजे हीट संपली समजून नेमके तेव्हाच पट्टा सोडतात. कुत्रीची गाभ सुमारे ६३ दिवसांची असते. आज सोनोग्राफी केली तर पिल्लं असतील तर धडधडणारी हृदयं सरळ दिसतात. त्याच तपासणीत गर्भपिशवीत पाणी किंवा पू नाही ना, हेही कळेल. पायोमेट्रा, म्हणजे पिशवीत पू होणं, हीटनंतर महिना-दोन महिन्यांतच होतो. एकाएकी खूप पाणी पिणं, खूप लघवी, उलट्या, गळून जाणं, योनीतून घाण वासाचा स्राव यातलं काही दिसलं तर सोनोग्राफीची तारीख बघत बसू नका, त्याच दिवशी न्या. पिशवीचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच येत नाही आणि पोट आतल्या आत भरत जातं. तो प्रकार जास्त वाईट.

खोटी गाभच निघाली तर:

आचळं दाबून दूध काढू नका, शेकही देऊ नका. दोन्हीमुळे दूध वाढतं. चाटत असेल तर गळ्यात शंकूसारखी कॉलर घाला. ती झोपलेली असताना किंवा फिरायला गेलेली असताना खेळणी उचलून ठेवा, तोंडातून ओढून घेऊ नका. फिरणं वाढवा. बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांत आपोआप ठीक होतात. फारच त्रास असेल तर प्रोलॅक्टिन उतरवणारं कॅबरगोलीन देतात, किलोमागे ५ मायक्रोग्रॅम रोज, पाच ते सात दिवस, खाण्याबरोबर. २७ किलोला ते सुमारे १३५ मायक्रोग्रॅम होतं, म्हणजे माणसांच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीच्या चतकोराहून किंचित जास्त. त्यामुळे हिशेब आणि चिठ्ठी डॉक्टरांचीच हवी. गाभण मादीला हे औषध दिलं तर गर्भपात होतो, म्हणून सोनोग्राफी आधी. आणि त्याने उलटी झाली म्हणून घरातलं मेटोक्लोप्रमाइड देऊ नका. ते प्रोलॅक्टिन वाढवतं, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं.

तारीख: ४ सप्टेंबरपासून तीन महिने मोजा. ५ डिसेंबर ते जानेवारीअखेर ही तुमची खिडकी. पुढची हीट सहा-सात महिन्यांच्या अंतराने, म्हणजे मार्चच्या आगेमागे यावी. मधल्या काळात गर्भपिशवी बारीक असते, रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. ऐन हीटमध्ये त्याच वाहिन्या फुगलेल्या असतात, ऊती पिचपिचीत असतात, धागा बांधताना चिरतात.

---

आकडेमोड | १९ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

टाकेवालांनी "कधी"चं कॅलेंडर दिलं. "करावी का" आणि "कोणत्या वयात" याबद्दल थोडं.

पहिल्या हीटआधी करा, नाहीतर स्तनांचा कॅन्सर होतो, हे वाक्य १९६९च्या एका अमेरिकन अभ्यासातून आलंय. पहिल्या हीटआधी केली तर ०.५ टक्के, पहिलीनंतर ८, दुसरीनंतर २६. हे आकडे दवाखान्यात सर्रास असे सांगितले जातात की जणू शंभरातल्या २६ कुत्र्यांना कॅन्सर होणारच. तसं नाही. नसबंदी न केलेल्या मादीचा धोका १०० धरला तर त्याच्या तुलनेतले हे आकडे आहेत. शिवाय २०१२मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा पुरावा कमकुवत असल्याचं म्हटलं गेलं. लवकर नसबंदीने हा धोका कमी होतो ही दिशा बरोबर आहे, पण पहिली हीट होऊन गेली म्हणून घाबरून पुढच्या आठवड्याची तारीख घ्यावी असं त्यात काही नाही.

पायोमेट्राचे आकडे जास्त ठोस आहेत. स्वीडनमध्ये कुत्र्यांची नसबंदी फारशी करत नाहीत आणि विम्याच्या नोंदी चोख असतात. त्या नोंदींनुसार दहा वर्षांची होईपर्यंत सुमारे चारांतल्या एका मादीला पायोमेट्रा होतो. म्हाताऱ्या, तापाने फणफणलेल्या मादीचं रात्री दोन वाजता तातडीचं ऑपरेशन आणि तेरा महिन्यांच्या धडधाकट लॅबचं ठरवून केलेलं ऑपरेशन, यातला फरक ओळखायला आकडे लागत नाहीत. माझ्या मते नसबंदीच्या बाजूचं सगळ्यांत वजनदार कारण हेच.

आता दुसरी बाजू. हाडांच्या टोकांना वाढीच्या पट्ट्या असतात, त्या बंद करण्यात अंडाशयातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा वाटा असतो. अंडाशयं फार लवकर काढली तर पट्ट्या उशिरा बंद होतात, हाडं जरा लांबतात, सांध्यांचे कोन बदलतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने २०२०मध्ये ३५ जातींचा अभ्यास छापला. लॅब्रॅडॉर माद्यांत वर्षाच्या आत नसबंदी केल्यास सांध्यांचे आजार वाढलेले दिसले, म्हणून सल्ला वर्षानंतरचा. जर्मन शेफर्डला जवळजवळ दोन वर्षं. पग, शि त्झू, डॅशहुंड अशा लहान चणीच्या जातींत सांध्यांच्या बाबतीत वयाने फरक पडलेला दिसला नाही. गोल्डन रिट्रीव्हर माद्यांचं प्रकरण वेगळं आहे: कोणत्याही वयात नसबंदी केली तरी काही कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं, त्यामुळे तिथे न करणं हाही सन्माननीय पर्याय मानला गेला. "दोन वर्षं थांबा" हा सल्ला बहुधा शेफर्डचा लॅबला लावलेला आहे.

तुमची मादी ५ डिसेंबरला तेरा महिन्यांची होते. वयही बसतं, कॅलेंडरही बसतं.

न करणं हा पर्यायच नाही असं नाही. नॉर्वेत तर वैद्यकीय कारणाशिवाय सहसा करतच नाहीत. पण मग वर्षातून साधारण दोनदा तीन-तीन आठवडे कडक पहारा आला, आणि तो आयुष्यभर, कारण कुत्रीची पाळी माणसासारखी वयाने बंद होत नाही. शिवाय दर महिन्याला दहाही आचळांच्या आसपास बोटांनी गाठी चाचपायच्या आणि प्रत्येक हीटनंतर दोन महिने पाण्याच्या भांड्याकडे लक्ष ठेवायचं. घरात हे करणारं माणूस असेल तर बिनधास्त थांबा.

"एक वेत होऊ द्या" याला आरोग्याचा काहीही आधार नाही. मादी "शांत" होते ती वयाने. आणि पिल्लं विकायची तर २०१७च्या श्वान पैदास नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, हे सांगणाऱ्याने सांगितलं नसणार.

---

पट्टा_आणि_साखळी | १९ ऑक्टोबर, दुपारी १.१५

वरच्या दोन्हींना +१. हीट थांबवायचं इंजेक्शनही कुणीतरी सुचवेलच, ते घेऊ नका. प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध असतं ते. त्याने पायोमेट्रा आणि स्तनांच्या गाठी दोन्हींचा धोका वाढतो, म्हणजे ज्यासाठी नसबंदी करायची तेच विकत घेणं.

प्रश्न दोन. मनपाच्या निर्बीजीकरणात बऱ्याच ठिकाणी कुशीतून करतात, कारण जखम लांबून दिसते आणि टाका सुटला तरी आतडी लगेच खाली येत नाहीत. रस्त्यावर परत सोडायच्या कुत्रीसाठी ते योग्यच. पण २७ किलोच्या, आत चरबी असलेल्या लॅबला एका कुशीतून पलीकडचं अंडाशय वर आणणं जिकिरीचं होतं. पोटावर, बेंबीखाली मध्यरेषेत छेद घेतला की दोन्ही बाजू नीट दिसतात. अंडाशयाचा तुकडा आत राहिला तर मादी काही महिन्यांनी पुन्हा हीटवर येते आणि पोट परत उघडावं लागतं. दुर्बिणीने केल्यास अर्धा ते एक सेंटिमीटरची दोन-तीन छिद्रं, आणि बहुधा फक्त अंडाशयं काढतात, पिशवी ठेवतात. अंडाशयं पूर्ण निघाली की पिशवीत पू होत नाही, त्यामुळे ते चालतं. दुखणं कमी, कारण अंडाशयाला धरून ठेवणारा बंध ओढून ताणावा लागत नाही. उघड्या ऑपरेशनमध्ये सगळ्यांत वेदनेचा क्षण तोच. पण भूल तेवढीच लागते आणि पैसे बरेच जास्त. ज्या डॉक्टरांचा हात ज्या पद्धतीवर बसलाय, त्या पद्धतीने करून घ्या.

दवाखान्यात हे विचारा, आणि लाजू नका:

भूल गॅसवर की नुसती इंजेक्शनवर? श्वासनलिकेत नळी घालतात का? शिरेत सुई आणि सलाईन शेवटपर्यंत असतं का? ऑक्सिजन आणि ठोके दाखवणारं यंत्र लावतात का, आणि ते बघायला सर्जन सोडून दुसरं माणूस असतं का? (हा प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवेन.) शुद्धीवर येईपर्यंत खाली गरम गादी असते का? वेदनाशामक किती दिवसांचं देतात? हे सगळं सांगितलेल्या रकमेत धरलंय का? खर्च परवडत नसेल तर परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करा.

आदल्या रात्री नऊ-दहानंतर खाणं बंद. पाणी सकाळपर्यंत चालेल, नेमकी वेळ दवाखाना सांगेल. "बिचारी उपाशी आहे" म्हणून आजी सकाळी बिस्किट देतात आणि भुलेत ते श्वासनलिकेत जातं. घरातल्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा.

घरी आल्यावर पहिले २४ तास हिरड्या बघा. गुलाबी हव्यात, बोटाने दाबून सोडल्या की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हिरड्या पांढुरक्या, कान-पाय गार, पोट फुगतंय, उठवत नाही: आत रक्तस्राव असू शकतो, तसेच उचलून न्या. दहा ते चौदा दिवस कॉलर, रात्रीही. दोन मिनिटं काढली तरी टाका तोडायला तेवढी पुरतात. फिरवणं पट्ट्यावर, शी-शूपुरतं. सोफा, जिना, गाडीत उडी बंद. अंघोळ नाही. टाक्यांखाली मऊ, न दुखणारी सूज आली तर बहुधा आत पाणी साचलेलं असतं, जास्त उड्या मारल्याने होतं, आपोआप जिरतं. सूज गरम, लाल किंवा ओली असेल, किंवा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टाक्यांतून काही पाझरायला लागलं, तर फोटो पाठवत बसू नका, दाखवायला न्या.

क्रोसिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम यातलं काहीही देऊ नका. व्हेटने दिलेलं मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामकसुद्धा उलटी किंवा काळी शी झाली की थांबवून फोन करायचा.

डिसेंबर आणखी एका कारणाने बरा: तोवर दिवाळी उरकलेली असते. फटाक्याला दचकून पलंगाखाली घुसणाऱ्या कुत्रीचे टाके टिकत नाहीत.

---

गल्लीतली_राणी | १९ ऑक्टोबर, दुपारी ४.५०

धागा पळवत नाही, एकच प्रश्न. रस्त्यावरून आणून घरात ठेवलेली देशी, अंदाजे सात महिन्यांची, १३ किलो, हीट अजून नाही. तिलाही वर्षभर थांबायचं?

---

पट्टा_आणि_साखळी | १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.३०

मी नाही थांबणार. देशी मादी मध्यम चणीची असते, लॅब-शेफर्डसारखी सांध्यांची भीती तितकी नाही, आणि पहिली हीट कधीही येईल अशा वयात आहे. लसी पूर्ण झाल्यावर दोनेक आठवड्यांनी, रक्त तपासून करून घ्या. हीट आधी आलीच तर तीन महिन्यांचा तोच हिशेब. ज्या मादीच्या दाराशी गल्लीतले नर बसणार आहेत, तिच्या बाबतीत थांबण्याची किंमत वेगळी असते. ती पुढेमागे बाहेर जाणारी असेल तर कानाला खूण करून घ्या, नाहीतर मनपाची गाडी पुन्हा उचलेल आणि पोट पुन्हा उघडलं जाईल.

---

तिसरा_मजला | २२ ऑक्टोबर, रात्री ८.१०

सगळ्यांचे आभार. सोनोग्राफी झाली: पिल्लं नाहीत, पिशवी बारीक, आत पाणी नाही. खेळणी उचलून ठेवली, आज पूर्ण जेवली. रक्ताचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन १३.२, पांढऱ्या पेशी ११,४००, प्लेटलेट ९२,०००. लॅबवाला म्हणाला, "थोड्या कमी आहेत, चालतं." चालतं का?

---

टाकेवाला | २२ ऑक्टोबर, रात्री १०.३५

ऑपरेशनला नाही चालत. पण घाबरूही नका, आधी तो आकडा खरा आहे का ते बघा. कुत्र्याच्या प्लेटलेट नमुन्यात चटकन गोळा होतात, विशेषतः सुई दोनदा टोचावी लागली असेल तर. यंत्र गुठळ्या मोजत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. त्याच रक्ताची काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी मोजायला सांगा. पट्टीच्या कडेला गुठळ्या दिसल्या तर ताजं रक्त घेऊन पुन्हा.

खरोखर कमी असतील तर पहिला संशय जुलैच्या गोचीड तापावरच. डॉक्सी किती दिवस दिली होती? अर्लिकियाला, म्हणजे गोचीड तापाच्या जंतूला, किलोमागे १० मिलिग्रॅम रोज, २८ दिवस लागते. ताप चौथ्या दिवशी उतरतो, म्हणून बरेच जण आठवड्यात बंद करतात, आणि जंतू प्लीहेत दबा धरून बसतो. वरून कुत्री धडधाकट दिसते, फक्त प्लेटलेट खाली असतात. दवाखान्यातली झटपट पट्टी-चाचणी इथे उपयोगाची नाही, ती प्रतिपिंडं दाखवते आणि ती जुन्या आजारानंतरही महिनोन् महिने राहतात. पीसीआर करा, ती चाचणी खुद्द जंतूचा डीएनए शोधते; अर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा आणि बबेसिया या गोचिडीतून येणाऱ्या तिन्हींचं. बबेसिया निघाला तर औषध वेगळं, एकट्या डॉक्सीने तो जात नाही.

प्लेटलेट कमी असताना अडचण मोठ्या वाहिन्यांची नसते, त्या धाग्याने बांधतोच. अडचण असते ती कापलेल्या प्रत्येक पृष्ठभागातून होणाऱ्या बारीक झिरपण्याची. तिला बांधायला काही नसतं. ठरवून करायच्या ऑपरेशनला मी दीड लाखाच्या वर आणि ते दोन तपासण्यांत टिकलेलं मागतो. आज कोर्स सुरू झाला तरी २८ दिवसांनी १९ नोव्हेंबर येतो, त्यानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त. ५ डिसेंबर चुकला तर जानेवारी आहेच. त्यासोबत क्रिअ‍ॅटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि एएलटी (यकृतासाठी) करून घ्या, आणि गोचिडीचं औषध हिवाळ्यातही बंद करू नका.

---

तिसरा_मजला | २३ ऑक्टोबर, सकाळी ८.००

डॉक्सी दहा दिवसच दिली होती. आज काचपट्टी आणि पीसीआर दोन्ही. शेवटचं: नंतर जाडी होतात आणि लघवी गळते म्हणतात, ते कितपत?

---

आकडेमोड | २३ ऑक्टोबर, सकाळी ९.२५

जाडेपणा तुमच्या हातात आहे, लघवी नाही.

नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज पाव हिश्शाच्या आसपास उतरते. त्यात लॅब: २०१६च्या केंब्रिजच्या अभ्यासात जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या लॅब्रॅडॉरांत भुकेवर लगाम ठेवणाऱ्या एका जनुकात बिघाड सापडला. तिचं "मला वाढा" हे तोंड पुरावा मानू नका. टाके निघाले की खाणं २० ते २५ टक्के कमी करा, वाटीने नव्हे, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये. पोळीचा तुकडा, बिस्किट, ट्रेनिंगचे दाणे सगळं त्याच मापात. दर पंधरा दिवसांनी वजन, आणि फासळ्यांवर हात फिरवून त्या दाबाशिवाय लागतात का ते बघायचं.

लघवी गळणं २० किलोच्या वरच्या माद्यांत जास्त होतं, काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी. जागेपणी व्यवस्थित, झोपेतून उठली की खाली ओलं, ही त्याची खूण. तिला ओरडू नका आणि पाणी तोडू नका. आधी लघवीत संसर्ग नाही ना ते तपासा, मग फिनाइलप्रोपॅनोलअमीन किंवा एस्ट्रिऑलने बहुतेकींचं आटोक्यात येतं. औषध मात्र बहुधा कायमचं लागतं, हे आत्ताच माहीत असू द्या.

पीसीआर आला की इथेच टाका.